मी आलो की मी आले?

प्रश्न : ताई, माझं वय २४, गाव बार्शी, नोकरी पुण्यात. जन्माच्या दाखल्यावर मुलगी असं लिहिलंय. लहानपणी फ्रॉकचा राग यायचा तेव्हा घरी सगळे म्हणायचे टॉमबॉय आहे, वय वाढलं की होईल नीट. पण मला मुलगा व्हायचंय असंही नाही ताई. दोन वर्षांपूर्वी केस एकदम बारीक कापले, ऑफिसातला एकजण 'अरे भाई' म्हणून हाक मारायला लागला, चार दिवस छान वाटलं आणि मग तेही टोचायला लागलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मावशीनं बळंच साडी नेसवली, आरशात बघून वाटलं कुणा दुसऱ्याच्याच अंगावरचे कपडे आहेत हे, आणि भावाचा शर्ट घातला तरी थोडंफार तसंच वाटतं. ऑफिसच्या गेटवर चेकिंगला दोन रांगा असतात, लेडीज आणि जेंट्स, रोज सकाळी तिथे पाय अडखळतो. मागच्या वर्षी नेटवर नॉनबायनरी, म्हणजे फक्त बाई किंवा फक्त पुरुष यात न बसणारं माणूस, हा शब्द सापडला आणि वाचून रडायलाच आलं. मैत्रिणीला सांगितलं तर तिचं म्हणणं हे अमेरिकेतलं फॅड आहे, रील्स बघून डोक्यात जातं. खरंच फॅड आहे का हे? की आजार? आईला सांगायचं का? आणि आधी स्वतःला काय म्हणायचं? (नाव छापू नका.)

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की एवढ्या मोठ्या पत्रात 'मी गेलो' किंवा 'मी गेले' असं एकदाही आलेलं नाही. 'पाय अडखळतो', 'रडायलाच आलं', 'टोचायला लागलं', प्रत्येक वाक्य तू बरोबर बाजूनं वळवून घेतलंयस. जीव गलबलला माझा ते बघून. कारण इंग्रजीत 'आय' म्हटलं की काम भागतं पण मराठीत 'मी जेवतो' नाहीतर 'मी जेवते' म्हणायलाच लागतं, म्हणजे साधं जेवण झालं का याचं उत्तर देतानाही आधी आपण बाई की पुरुष ते सांगा, आणि हे दिवसातून शंभर वेळा. ज्यांना ते सांगणं जड जात नाही त्यांना हे ओझं दिसतच नाही.

पण तुला जी वाक्यं सापडली ती आपल्या भाषेतच होती ना? 'मी येईन', 'मला भूक लागलीय', 'मी भाकरी खाल्ली', यात बोलणारं कोण ते कुणाला कळत नाही, क्रियापद भाकरीच्या मागे जातं. 'आम्ही आलो' हे बायकाही म्हणतात, पुरुषही. माझी आजी कोल्हापूरकडची, नऊवारी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि दारातून ओरडायची 'मी जरा देवळात जाऊन येतो गं!' तिकडच्या कितीतरी बायका अशाच बोलतात, 'मी आलो', 'मी जेवलो', आणि त्यानं कुणाचं बाईपण कमी झालं असं तिकडे कुणाला वाटत नाही. हिंदीत लिंगं दोनच, आपल्याकडे तीन. तिसरं म्हणजे फक्त टेबल-कपाटासाठी असं तू शाळेत ऐकलं असशील, पण मूल, लेकरू, बाळ ही सगळी तिथेच बसतात, आणि 'फार भलं माणूस आहे ते' हे आपण कौतुकानंच म्हणतो. काहींना स्वतःसाठी 'ते' आवडतं, काहींना ते वस्तूसारखं वाटून अंगावर काटा येतो. तुला काय वाटतं ते तूच ठरव, दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नाही.

आता फॅडचं. शब्द बाहेरून आलाय हे खरं, पण टेन्शन हाही शब्द बाहेरूनच आला, म्हणून आपल्या आज्यांना ते कधी नव्हतं का? वारीत बाई असो बुवा असो सगळे एकमेकांना माउलीच म्हणतात, ज्ञानेश्वरांना आपण आई करून टाकलंय, विठोबाची विठाई केलीय. घारापुरीच्या लेण्यात अर्धनारीनटेश्वर उभाय. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेले जोगते आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे आजही साडी नेसून परडी घेऊन दारी येतात. पण एक सांगते, हे सगळं दाखवून मी तुला कुठल्या चौकटीत बसवत नाहीये. जोगते, हिजडा समाज यांची स्वतःची गुरू-चेल्याची नाती आहेत, रीती आहेत, सोसलेलं फार आहे, आणि ज्या घराच्या देव्हाऱ्यात अर्धनारीनटेश्वर आहे त्याच घरातून त्यांना हाकललं गेलंय. नॉनबायनरी म्हणजे तेच असं नाही. पारलिंगी (ट्रान्सजेंडर), म्हणजे जन्माच्या वेळी लिहिलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही अशा माणसातही कुणी पूर्ण बाई असतं, कुणी पूर्ण पुरुष, आणि कुणी तुझ्यासारखं दोन्हीच्या मधे, दोन्हीत किंवा दोन्हीच्या बाहेर. आपल्याला कोण आवडतं हा तर वेगळाच प्रश्न आहे, त्याची यात गल्लत करू नको.

आणि आपल्या देशात याची नोंदच नाही असंही नाही. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री-पुरुष सोडून 'इतर' मोजले, ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची नोंद झाली, ती पण जे बोलले त्यांचीच. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आपण कोण हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याचा, त्यासाठी ऑपरेशनची सक्ती नाही. त्या केसमध्ये आपल्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठीही होत्या. २०१९ चा पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला तेव्हा त्यातल्या व्याख्येत हिजडा, किन्नर, जोगता यांच्याबरोबर जेंडरक्वीअर (बाई-पुरुष या चौकटीत न बसणारं) हा शब्दही घातला होता. कागद बदलायचे असतील तेव्हा त्यावेळचे नियम वकिलाकडून नीट समजून घे, पण मला विचारशील तर आत्ता ती घाई नको.

आजार? नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत हे मानसिक आजारांच्या भागातून काढून टाकलं, ती यादी २०२२ पासून लागू आहे. 'औषधानं, शॉकनं, समुपदेशनानं नीट करून देतो' म्हणणारा डॉक्टर भेटला तर तिथून सरळ उठ, डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्ये असल्या उपचारांना गैरवर्तन ठरवलंय. बाबा-बुवांचं तर बोलायलाच नको. मात्र त्रास खरा असतो, झोप उडते, जगणं नकोसं वाटतं. तसं कधी वाटलं तर १४४१६ वर फोन कर, टेलीमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आपल्यासारखी माणसं भेटावीत असं वाटलं तर मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतंय.

स्वतःला काय म्हणायचं हे आजच ठरवायची सक्ती कुणी केलीय? एक विश्वासाचं माणूस बघ आणि त्याच्यासमोर महिनाभर जे जिभेवर येईल ते बोल, आज आलो, उद्या आले, परवा नुसतंच 'पोचलंय एकदाचं घरी'. कशानं छाती मोकळी होते ते कुठेतरी लिहून ठेव. वर्षानं बदललं तर बदलू दे, तेव्हा कुणी म्हणेल आधीचं खोटं होतं, त्याकडे लक्ष देऊ नको. गेटवर ज्या रांगेत सुरक्षित वाटतं तिथे उभं राहा, त्यानं तुझं खरेपण कमी होत नाही.

आईला सांगायचं तर आधी पगार, राहायची जागा, अडीनडीला जायचं एक घर एवढं हाताशी ठेव. नॉनबायनरी शब्दानं सुरुवात नको, साडीचा तो आरसा सांग. तो आईला कळेल.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलीनं सांगितलं की मला मुलगी म्हणू नको, मुलगाही म्हणू नको. मी भांडले नाही पण आता हाक मारतानाच जीभ अडते. काय करू? (एक आई, नाशिक)

उत्तर : भांडला नाहीत हे केवढं मोठं केलंत. पोटच्या पोरीला आपण 'ये रे सोन्या', 'काय रे बाळा' म्हणतच आलोय की, ती जीभ तुमच्याकडे आधीपासून आहे. 'लेकरू' म्हणा, नावानं हाक मारा, आणि कुठलं नाव हवंय ते एकदा विचारून घ्या. चुकाल, एकोणीस वर्षांची सवय आहे. चुकलं की 'चुकलं रे' म्हणून पुढे जा, डोळ्यात पाणी आणू नका, नाहीतर लेकरालाच तुमची समजूत काढत बसावी लागते. नातेवाइकांना काय सांगायचं तेही त्यालाच विचारून ठरवा, आपल्या मनानं कुणाला काही बोलू नका. आज रात्री पान वाढलं की 'ये बाळा, गरम आहे तोवर' एवढंच म्हणून बघा.