खाडीचा गाळ तपासाले चालला तं हे ऐकून जा
भाऊ, यवतमाळहून थेट ठाण्याच्या खाडीचा गाळ तपासाले चालला, मस्त. पण तांबं, क्रोमियम जास्त दिसलं की लगेच प्रदूषण लिहू नको, तिकडचा खडक बी आपल्या काळ्या मातीवालाच बेसॉल्ट हाय, त्यात तांबं मुळातच 100 पीपीएमच्या (दहा लाखात 100 भाग) वर राहू शकते अन् पुस्तकात तुलनेले धरलेल्या शेलची (चिखलापासून बनलेला खडक) सरासरी 45, म्हणून अ‍ॅल्युमिनियम बी मोजजो अन् धातूचं त्याच्याशी गुणोत्तर काढजो. धातू बारीक गाळाले चिकटते, तं 63 मायक्रॉनची चाळणी नायलॉनचीच घे, पितळेची घेतली तं चाळणीचंच तांबं-जस्त मोजत बसशील बाप्पा! पारा पाहाचा असन तं गाळ वाळवाचा ओव्हन 40 डिग्रीच्या वर नको, उडून जाते, अन् लॅबवाले सवयीनं 105 ले लावून देतात. अन् हो, वरवरचा चिखल पुरत नाही, कोअर (नळी खोल खुपसून काढलेला गाळाचा उभा नमुना) घेजो, कारखान्याच्या आधीचा थर खालीच भेटन.