दोन्ही इंटरव्हल एकमेकांवर येतात, मग पी-व्हॅल्यू ०.०२६ कशी?

तुमच्या दोन गटांत २५-२५ जण, गुणांची सरासरी ७० आणि ७६.५, स्टँडर्ड डेव्हिएशन (गुणांचा पसारा) दोन्हीकडे १०. आलेखात ९५ टक्क्यांचे कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी कुठे असेल याच्या अंदाजाचे पट्टे) एकमेकांवर येतात, टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) मात्र पी-व्हॅल्यू (मुळात फरक नसता तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०२६ देते, यातलं धरायचं कोणतं, असा तुमचा प्रश्न. गणित दोन्हीकडे बरोबर आहे. चुकलंय ते आलेख पाहून काढलेलं अनुमान.

आकडे मांडून बघा. प्रत्येक गटाची स्टँडर्ड एरर, म्हणजे सरासरीच्या अंदाजातली अनिश्चितता, १० भागिले √२५, म्हणजे २. डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम, इथे २५ वजा १) २४ ला तक्त्यातला टी हा गुणक २.०६४, म्हणून सरासरीच्या दोन्ही बाजूंना ४.१३. पहिला इंटरव्हल ६५.८७ ते ७४.१३, दुसरा ७२.३७ ते ८०.६३. जवळपास पावणेदोन गुणांचा पट्टा सामाईक. पण हे इंटरव्हल एकेका सरासरीचे आहेत आणि तुम्हाला हवाय फरक. फरकाची स्टँडर्ड एरर वेगळी काढावी लागते: √(२² + २²) = २.८३. दोन्ही गट मिळून डीएफ ४८ ला टी २.०११, म्हणजे ६.५ ± ५.६९, अर्थात ०.८१ ते १२.१९. शून्य, म्हणजे ‘फरक नाही’, यात नाही, म्हणूनच पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येते.

इंटरव्हल सुटे दिसायला सरासऱ्यांत ४.१३ + ४.१३, म्हणजे ८.२६ चं अंतर लागतं, चाचणीला ५.६९ पुरतं. स्टँडर्ड एररची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची होते. काटकोन त्रिकोणाचा कर्ण दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा लहान असतो, तसंच हे.

म्हणून स्वतंत्र गटांत ९५ टक्क्यांचे इंटरव्हल पूर्ण सुटे असतील तर फरक ५ टक्के पातळीवर सिग्निफिकंट (पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी) धरा. एकाची सरासरीच दुसऱ्याच्या इंटरव्हलमध्ये असेल तर साधारणपणे नाही. मधल्या स्थितीत फरकाचा इंटरव्हल काढल्याशिवाय काहीच बोलू नका. आधी आलेखातल्या दांड्या कशाच्या आहेत तेही तपासा. स्टँडर्ड एररच्या असतील तर त्या सुट्या दिसूनही फरक सिग्निफिकंट नसू शकतो.

माणसं तीच आणि मोजणी आधी-नंतरची असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे √(४ + ४ − २ × र × २ × २) हे सूत्र लागतं. आधीच्या आणि नंतरच्या गुणांतला सहसंबंध र = ०.७ असेल तर स्टँडर्ड एरर १.५५ वर येते आणि तोच ६.५ चा फरक ३.३० ते ९.७० असा मिळतो. दोन स्वतंत्र दांड्यांमध्ये हे दिसणारच नाही.

गटांचे आकार आणि पसारा दोन्ही वेगळे असतील तर वेल्च पद्धत, म्हणजे दोन्ही गटांचा पसारा समान न धरणारी टी-टेस्ट, वापरा. आर (R) हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर ती आपणहून वापरतं. सायपाय (SciPy) या पायथॉनच्या लायब्ररीत समान व्हेरियन्सचं (पसाऱ्याच्या वर्गाचं) गृहीतक मुद्दाम बंद करावं लागतं.

आता ०.८१ ते १२.१९ हा इंटरव्हल नीट वाचा. पी-व्हॅल्यूपेक्षा यात जास्त माहिती आहे. ३ गुणांखालचा फरक तुमच्या कामाचा नसेल, तर फरक कामाइतका मोठा आहे की नाही हे या माहितीवरून ठरत नाही, पी-व्हॅल्यू ०.०२६ असूनही. पसारा तोच राहून प्रत्येक गटात १०० जण घेतले, तर ± ५.६९ चं साधारण ± २.७९ होईल.