घोडा ऐकत नाही, तेव्हा चूक कुठे शोधावी?

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी गेले आठ महिने घोडेस्वारी शिकत आहे. तिला दिलेला घोडा तिच्या शिक्षकांचे लगेच ऐकतो. मात्र ती पाठीवर बसली की रिंगणाच्या फाटकाजवळ येऊन थांबतो आणि कितीही टाचा मारल्या तरी हलत नाही. काही जण म्हणतात, चाबकाचा धाक दाखवावा. काही म्हणतात, गूळ-गाजर देऊन त्याला आपलेसे करावे. योग्य मार्ग कोणता?
— एक पालक, नाशिक

उत्तर : हे दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे मुलीचे म्हणणे घोड्याला कळले आहे आणि तरीही तो नकार देत आहे. माझ्या अनुभवात असे क्वचित घडते. अंगावर बसलेली माशी ज्याला जाणवते आणि कातडीचा तेवढाच भाग थरथरवून जो ती उडवतो, त्या प्राण्याला पाठीवरच्या माणसाचा रोखलेला श्वास, आवळलेल्या मांड्या आणि एका बाजूला कललेले वजन जाणवत नसेल, असे मानायला जागा नाही. फाटक जवळ येताच, आता हा थांबणार या धास्तीने, मुलगी पुढे वाकत असावी, लगाम घट्ट धरत असावी आणि त्याच वेळी टाचाही मारत असावी. टाच ‘चल’ म्हणते, लगाम ‘थांब’ म्हणतो. अशा वेळी थांबलेल्या घोड्याने दोनपैकी एक आज्ञा पाळलेलीच असते.

मात्र त्याआधी घोड्याला काही दुखत नाही ना, हे शिक्षकांकडून पाहून घ्यावे. खोगीर कण्यावर टेकते का, तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, कसताना तो कान मागे टाकतो का, दाढांच्या धारदार कडा गालाला लागतात का, चालताना एखादा पाय तो आखडता घेतो का, हे पशुवैद्याला दाखवून तपासता येते. माझ्याकडच्या एका घोडीला मी बरेच दिवस हट्टी समजत होतो. खोगीर बदलल्यावर तिची अडून राहण्याची सवय गेली, आणि त्या दिवसांत तिला दिलेल्या शिक्षेची रुखरुख मला आजही आहे.

दुखणे नसेल, तर पुढचा विषय शिकवण्याचा आहे. घोडा शिकतो तो दाब सुटण्याच्या क्षणी. पोटरीचा हलका दाब दिला, त्याने एक पाऊल टाकले आणि त्याच क्षणी पोटरी सैल झाली, तर ‘हेच हवे होते’ असे त्याला कळते. पाऊल टाकल्यावरही टाचा सुरूच राहिल्या, तर पुढे जाण्याचा काहीच लाभ नाही असे त्याला कळते, आणि काही दिवसांनी तो टाचेकडे लक्ष देणेच सोडतो. शिक्षकांचे तो ऐकतो याचे कारण बहुधा हेच आहे. त्यांचा दाब वेळेवर सुटतो.

यासाठी पहिले काम मांडीचे, म्हणजे बैठकीचे. काही आठवडे शिक्षकांनी घोडा लांब दोरीवर गोल फिरवावा आणि मुलीने हाती लगाम न घेता, रिकिबीतून पाय काढून, नुसता तोल सांभाळत बसावे. लगामाचा आधार घेऊन तोल सावरणारा स्वार प्रत्येक हिसक्याने घोड्याची जीभ आणि हिरडी दुखावत असतो, म्हणून हा सराव मी कोणालाही चुकवू देत नाही. बैठकीची ताकद किती, याचे लिस हार्टेल यांच्यासारखे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. डेन्मार्कच्या या स्वार महिलेला 1944 साली पोलिओ झाला आणि गुडघ्यांखाली पाय लुळे राहिले. घोड्यावर चढायला दुसऱ्याची मदत लागे. तरीही 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, जुबिली या घोडीवर स्वार होऊन, त्यांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली शिस्तीत करून घेण्याच्या स्पर्धेत, रौप्यपदक मिळवले. टाच मारणे शक्यच नव्हते. पाठ आणि वजन यांच्या बारीक हालचालींतून घोडीला सगळे कळत असे.

गुळाबद्दल माझे मत थोडे कडक आहे. खिशातून खाऊ देण्याने घोडा खिसा हुंगायला शिकतो, क्वचित चावायलाही. त्याऐवजी काम नीट झाले की मानेच्या मुळाशी, खोगिराच्या पुढे पाठीचा जो उंचवटा असतो त्यावर बोटांनी खाजवावे. घोडे एकमेकांना नेमके तिथेच खाजवतात. शिवाय मुलीने आठवड्यातून दोन दिवस लवकर जाऊन घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांबरोबर स्वतः खरारा करावा, खूर साफ करावेत आणि घोडा हाताने धरून त्याच फाटकापाशी चालत न्यावा, थांबवावा, पुन्हा चालवावा. जमिनीवर जे सांगता येत नाही, ते पाठीवरून सांगणे अवघड जाते.

प्रश्न : रस्त्याकडेची प्लास्टिकची पिशवी पाहून माझी घोडी बुजते. तिला त्याच पिशवीजवळ ओढून नेऊन भीती घालवावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ओढून नेऊ नये. डोळे बाजूंना असल्याने घोड्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे थोडे क्षेत्र दिसत नाही. म्हणून नवी वस्तू पाहायला त्याला मान वर-खाली करावी लागते. लगाम आवळला की तेही बंद होते. पिशवीपासून ती शांत उभी राहते तेवढ्या अंतरावर थांबावे, लगाम सैल सोडावा, तिला पाहू द्यावे, आणि तिने मान खाली घेऊन मोठा श्वास सोडला की तिथूनच परत फिरावे. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच दोन पावले जास्त जवळ जाईल, आणि न गेल्यास कालच्याच जागी पुन्हा थांबावे.