डिस्चार्जनंतरचे पहिले आठवडे

ताई, बायपोलर आजाराच्या (मूड कधी खूप चढतो, कधी खूप खचतो) उपचारांनंतर साहेब हॉस्पिटलमधून घरी आलेत. सगळं लगेच सुधारायला जाऊ नका. आधी झोप सांभाळा. सलग दोन रात्री जेमतेम ३-४ तास झोप आणि तरी अंगात प्रचंड उत्साह, ही मॅनियाची (मूड अतिरेकी चढण्याची) सुरुवात असू शकते. पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर तपासणीचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर. नाशिकच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं किंवा गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन घेतली, की रक्तातलं लिथियम वाढतं. उलट्या, जुलाब, तोल जाणं दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

लष्कराच्या कॅन्टीन कार्डावरचा दारूचा कोटा उचलूच नका, पाहुण्यांसाठीसुद्धा.

बहुतेक घरं चुकतात ती इथे: ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या बंद. देवळालीच्या ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) त्या संपायच्या आठवडाभर आधीच आणा. मरणाची भाषा आली तर एकटं सोडू नका. टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, २४ तास.