कथेतली सगळी पात्रे एकाच आवाजात बोलत असतील तर काय करावे?

आपण विचारले आहे की, प्रसंगांची जुळणी जमते, पण पात्रे बोलू लागली की सगळी एकाच माणसासारखी बोलतात, आणि कोण कोणत्या भावनेने बोलले हे दर वाक्यापुढे सांगावे लागते. मीही कित्येक वर्षे ‘तो रागाने म्हणाला’, ‘ती खिन्नपणे उद्गारली’ अशा ठिगळांवर कथा निभावून नेत होतो. उपाय सापडला तो सर्वनामांत.

मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो आणि ‘आपण’ म्हटले की तो सामावला जातो. प्रमाण हिंदीतल्या ‘हम’ला ही सोय नाही. माझ्या एका कथेत वडिलांच्या तेराव्यानंतर दोन भाऊ ओसरीवर बसलेले असतात आणि थोरल्याच्या मनात वाटणीचे पक्के झालेले असते. हे सांगायला मी आधी दहा ओळी खर्चल्या होत्या. पुढे त्या काढून संवाद तेवढा ठेवला. धाकटा म्हणतो, “दादा, आपल्या विहिरीला यंदा पाणी टिकलं बघ.” थोरला म्हणतो, “आमच्या विहिरीला दरसाल टिकतं.” थोडा वेळ कोणीच बोलत नाही. मग जन्मभर थोरल्याला ‘अरे दादा’ म्हणणारा धाकटा विचारतो, “मग मोटर कधी बसवताय तुम्ही?” ‘तू’चे ‘तुम्ही’ झाले, ‘दादा’ गळाला, आणि राग, खेद यांपैकी एकही शब्द मला लिहावा लागला नाही.

‘अगं आई’ म्हणणारी लेक आणि ‘अहो आई’ म्हणणारी सून यांनाही वेगळी ओळख लागत नाही. ‘मी निघते’, ‘मी निघतो’ यांतून बोलणारा कळतोच, म्हणून दोघांच्याच संवादात ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ बरेचसे गाळता येतात.

निवेदनात ‘केले’ आणि पात्राच्या तोंडी ‘केलं’ हा भेद मात्र अखेरपर्यंत सांभाळावा. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या लेखननियमांनीही बोलण्यातल्या अशा अनुस्वारांना जागा ठेवली आहे.

बोलीच्या बाबतीत हात आखडता घ्यावा, असे माझे मत आहे. ‘ण’चा ‘न’ केला की पात्र खेडवळ झाले, ही समजूत वाचकाचा आणि त्या गावाचाही अपमान करणारी आहे. मालवणी किंवा अहिराणी कानावरून गेलेली नसेल, तर साधी प्रमाण मराठीच लिहावी आणि खात्रीचे एखादे रूप तेवढे घ्यावे. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका स्वतःबद्दल बोलतानाही ‘आले’ऐवजी ‘आलो’ म्हणतात. माझ्या दुसऱ्या एका कथेतली आजी दारातूनच “आलो गं” अशी हाक देते, आणि तिचे माहेर कुठले हे सांगणारा परिच्छेद मी त्यानंतर वगळून टाकला.