तिच्यासमोर वाचा बसते तेव्हा

प्रिय मित्रा,

तुला आवडणारी ती मुलगी बसस्टॉपवर आली की तोंडाला कोरड पडते, कान तापतात आणि रात्री पाठ केलेलं वाक्य ऐनवेळी आठवत नाही, असं तू लिहिलंस. धास्ती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढतं, त्यानेच छाती धडधडते. हा भित्रेपणा नव्हे. पाठांतर मात्र आजपासून बंद. तिने भलतंच काही विचारलं की पाठ केलेलं सगळं कोसळतं.

त्याऐवजी कदंबाची, म्हणजे आपल्या गोव्याची सरकारी बस येईपर्यंत श्वासाकडे बघ. चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर, असं पाच-सहा वेळा. भराभर मोठे श्वास घेतलेस तर उलट गरगरेल.

'सगळे माझ्याकडेच बघतात' हे तुझं वाटणंही तपासून बघ. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवलं होतं. २००० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांनी टी-शर्टवरचं चित्र ओळखलं असेल, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात ओळखलं ते जेमतेम चौथ्या हिश्श्याने. तुझे लाल झालेले कानही तुला वाटतात तितके कुणाला दिसत नाहीत.

पहिला आठवडा बोलूच नकोस. नजर भेटली की हसून मान हलव, तेवढं पुरे. दुसऱ्या आठवड्यात दोघांनाही ठाऊक असलेल्या गोष्टीवर एक प्रश्न विचार: ''फिजिक्सचं जर्नल पुरं झालं?'' ती म्हणाली, ''दोन प्रयोग राहिलेत,'' तर ''कुठले?'' असं विचार. बहुतेक मुलं इथेच घसरतात. तिचं उत्तर संपायच्या आत स्वतःच्या जर्नलची कहाणी सुरू करतात. तिच्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघाला, की तू ऐकतोयस हे तिला कळतं. दोन-तीन मिनिटांत बोलणं आवरतं घे.

आता खरी गोष्ट. तिला फुटबॉल आवडतो म्हणून तू फुटबॉलवेडा असल्याचं सोंग आणलंस, आणि वाड्यावर आरतीला घुमट, म्हणजे तोंडावर चामडं ताणलेलं ते मातीचं मडक्यासारखं वाद्य, वाजवतोस हे लपवलंस. मला याचं फार वाईट वाटलं. सोंग लक्षात ठेवण्यातच तुझं निम्मं डोकं अडकतं, मग बोलायला सुचणार कसं? चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की सहज सांग, ''पावसाळी हवेने घुमटाचं चामडं सैल पडलंय, आरतीआधी तापवायला हवं.'' तिने विचारलं तर डाव्या तळव्याने मडक्याचं लहान तोंड झाकत-उघडत आवाज कसा बदलतो ते हाताने करून दाखव. तिने विषय बदलला तर तूही बदल. आणि फुटबॉलबद्दल ''मला फारसं कळत नाही, ऑफसाइड समजावशील?'' असं सरळ विचार.

मित्राकरवी निरोप नको, रात्री मेसेज नको, तिच्या घरापर्यंत मागे जाणं तर मुळीच नको. बोलणं जमू लागलं की दिवसाउजेडी, माणसांत बसता येईल अशा ठिकाणी विचार: ''शनिवारी क्लास सुटल्यावर भाजी-पाव खायला येशील?'' ''बघू'' हे उत्तर दोनदा आलं तर ते 'नाही' समज. कारण विचारू नकोस, ''बरं'' म्हण. दुसऱ्या दिवशी स्टॉपवर दिसली तर नेहमीसारखी मान हलव, म्हणजे तिलाही तुझ्यापासून तोंड चुकवावं लागणार नाही.

येत्या सोमवारपासून सुरू कर. पहिला आठवडा कसा गेला ते कळव.

तुझा,
सर