वाचक विचारतात : फ्रेंच पाणबुड्यांची वंशावळ

प्रश्न : माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाला ‘फ्रेंच पाणबुड्या’ म्हणतात. फ्रेंच नौदलातल्या कोणत्या वर्गाची ही नक्कल आहे? (एक वाचक, माझगाव)

कुठल्याच नाही. कलवरी स्कॉर्पीन नावाच्या आराखड्यावर बांधली आहे, आणि तो आराखडा फ्रान्स आणि स्पेनने मिळून निर्यातीसाठी केला. फ्रेंच नौदलाने स्कॉर्पीन कधीच घेतली नाही, कारण त्यांच्या पाणबुड्यांचा आजचा सगळा ताफा अणुशक्तीवर चालतो. पण रक्ताचं नातं आहेच. जुन्या फ्रेंच दाफ्ने वर्गाला पाणतीरांच्या (टॉर्पेडोंच्या) 12 नळ्या होत्या, पुढे 8 आणि मागे 4, पण आत जादा पाणतीर नव्हते. एकदा डागून झाले की बंदरात परत. (1971 मध्ये दीवजवळ आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडवणारी पाकिस्तानची ‘हंगोर’ याच वर्गातली.) त्यानंतरच्या अगोस्टा वर्गात नळ्या चारच ठेवल्या, पण आतून पुन्हा भरता येतील अशा. नळीचा व्यासही 550 वरून 533 मिलिमीटरवर आला, म्हणजे इतर देशांचे पाणतीरही चालू लागले. हाच विचार कलवरीत पुढे आला : नाकाशी 6 नळ्या, एकूण 18 शस्त्रं. आकार मात्र अगोस्टाचा नाही. तो फ्रेंच अणुपाणबुड्यांवरून शिकून घेतला आहे.

प्रश्न : फ्रान्सचा रुबी वर्ग जगातला सर्वांत छोटा अणुपाणबुडी वर्ग होता. मग नवी स्युफ्रां जवळपास दुप्पट वजनाची का केली? (एक वाचक, दादर)

रुबीची लांबी 73.6 मीटर आणि पाण्याखालचं वजन सुमारे 2,600 टन. एवढ्याशा कवचात अणुभट्टी बसवायची म्हणून वाफनिर्मितीची यंत्रणा भट्टीलाच जोडून घेतली. टर्बाइन आणि पंख्याच्या मध्ये गिअर ठेवला नाही. टर्बाइन वीज तयार करते, त्या विजेवर मोटर चालते आणि मोटर पंखा फिरवते. गिअरच्या दातांची घरघर त्यामुळे टळते.

तरीही पहिल्या चार रुबी अपेक्षेपेक्षा जास्त आवाज करत होत्या. म्हणून पाचव्या ‘आमेतिस्त’साठी कवचाचा आकार आणि यंत्रांच्या आवाजावर नव्याने काम केलं, आणि तीच सुधारणा जुन्या चारांना परत गोदीत घालून दिली. आवाज दाबायला जागा लागते, हे खरं गणित. यंत्रं थेट कवचाला न जोडता कंप शोषणाऱ्या आधारांवर ठेवली की आधारांची उंची आणि भोवतीची मोकळी जागा वाढते, पर्यायाने व्यास वाढतो.  स्युफ्रां 99.5 मीटर लांब आहे. सावकाश जाताना तिला मोटर ढकलते. वेग हवा असेल तेव्हा टर्बाइन गिअरमार्फत थेट जोर देते. उघड्या पंख्याऐवजी पंपजेट, म्हणजे नळीच्या आत फिरणारा पंखा, आहे आणि मागची सुकाणूची पाती इंग्रजी एक्सच्या आकारात आहेत. जमिनीवरच्या लक्ष्यावरची क्षेपणास्त्रंही तिला पाणतीरांच्या नळ्यांतूनच सोडता येतात.

प्रश्न : दोन पाणबुड्यांचे अर्धे भाग जोडून एक केली, हे खरं का? (एक वाचक, ठाणे)

खरं आहे. 12 जून 2020 रोजी फ्रान्समधल्या तुलोंच्या सुक्या गोदीत रुबी वर्गातल्या ‘पेर्ल’च्या पुढच्या भागाला आग लागली. आत अणुइंधन नव्हतं, मागचा भट्टीचा भागही वाचला. पण इतका ताप सोसलेल्या कवचाच्या पोलादावर पुन्हा खोल पाण्यात भरवसा ठेवता येत नाही. निवृत्त पाणबुडी ‘साफीर’ फ्रान्समधल्याच शेरबुर्गमध्ये पडून होती, वर्ग एकच, व्यास एकच. दोघींना मध्ये कापून साफीरचं पुढचं अर्धं पेर्लच्या मागच्या अर्ध्याला जोडलं. पेर्ल नंतर झालेली असल्यामुळे नळ आणि केबली समोरासमोर येईनात. म्हणून जोडाजवळ वाढीव जागा ठेवली, आणि पाणबुडी सुमारे 1.4 मीटरने लांबली. केबलींची जोडणी हे अशा कामातलं सर्वांत कटकटीचं प्रकरण, वेल्डिंग त्यामानाने सरळ.

प्रश्न : कलवरीला ‘एआयपी’ लावली तर तिचा वेग वाढेल का? (एक वाचक, अंबरनाथ)

एआयपी म्हणजे बाहेरची हवा न घेता वीज देणारी यंत्रणा. तिने वेग नाही, पाण्याखालचा मुक्काम वाढेल. कलवरीत 360 बॅटरी घट आहेत, प्रत्येकी 750 किलोचे, म्हणजे एकूण 270 टन. त्यांतली वीज संपत आली की स्नॉर्केल (हवा ओढणारी नळी) वर काढून डिझेल इंजिनं चालवावी लागतात, आणि समुद्र खवळलेला असेल तर स्नॉर्केलची झडप लाटेसरशी मिटते, इंजिनं आतलीच हवा ओढतात आणि सगळ्यांचे कान दडपतात. शत्रूला दिसण्याची वेळही हीच. एआयपीमुळे हे वर येणं लांबवता येतं, तेही सावकाश चालतानाच. फ्रेंचांची ‘मेस्मा’ इथेनॉल आणि प्राणवायू जाळून वाफ करते. तुमच्या अंबरनाथच्या डीआरडीओ प्रयोगशाळेची पद्धत इंधनघटांची (फ्युएल सेलची) आहे आणि तिला लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच तयार होतो. त्यामुळे तो साठवण्याचा धोका टळतो. बसवायची रीत मात्र पेर्लसारखीच : कवच कापायचं, मध्ये नवा तुकडा घालायचा, पुन्हा जोडायचं आणि वजनाचा तोल नव्याने साधायचा.